सायरनपुढची लाल गाडी

ॲम्ब्युलन्स चालवून घरी आलं की भाऊंच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. आज पुन्हा एक बहिरा सायरनपुढे ठाण मांडून बसला होता! असल्यांची लायसन्सं चुलीत घाला! बायको भाजी चिरता चिरता नुसतं 'हं' म्हणायची.

एका सुट्टीच्या दिवशी दोघं आपल्या छोट्या लाल गाडीतून तिच्या बहिणीकडे निघाले. रस्ता तुंबलेला. तेवढ्यात सायरन वाजला आणि पुढच्या गाड्या पटापट कडेला सरकल्या. सवयीनं भाऊंचा पाय ॲक्सिलरेटरवर पडला. मोकळ्या वाटेतून गाडी सुसाट सोडत ते खुशीत म्हणाले, "बघ, लोक सुधारले! कशी वाट देतायत!"

"आपल्याला नाही देत," बायको मागे वळून बघत म्हणाली.

मागच्या ॲम्ब्युलन्सचा भोंगा कडाडला, "ओ लाल गाडी! कान घरी ठेवून आलात का?" आवाज कामावरच्या दोस्ताचा होता आणि वाक्य भाऊंनीच त्याला शिकवलेलं. भाऊंनी घाईघाईनं गाडी कडेला घेतली.

"रोज ज्याच्या नावानं खडे फोडता," बायको म्हणाली, "तो माणूस आज एकदाचा बघायला मिळाला."