खाचेवरची चिकटपट्टी

परवा मुलीच्या वह्यांना कव्हरं घालताना चिकटपट्टीचा तो आंबूस वास आला आणि आबिड्सच्या पेठेतलं माझं व्हीसीआर दुरुस्तीचं दुकान आठवलं. देशाचा बाजार परदेशी मालाला नुकता खुला झाला होता, शेजारी चकचकीत शोरूम उघडत होत्या, म्हणून गिऱ्हाईक टिकवायला मी शक्कल काढली: दुरुस्त व्हीसीआरबरोबर, गिऱ्हाइकाचं नाव घेऊन माझा हसरा निरोप कॅसेटवर भरून द्यायचा. भाड्याचा कॅमेरा, तोंडाला पावडर, मागे प्लास्टिकची फुलं. मी स्वतःला टीव्हीवरचा निवेदकच समजायचो. बरकतपुऱ्यातल्या एका निवृत्त मास्तरांच्या व्हीसीआरमध्ये त्यांची कॅसेट अडकली होती. तिच्यावर पुन्हा काही भरलं जाऊन ती पुसली जाऊ नये म्हणून तिच्या कडेची खिटी मोडलेली होती. कारागीर म्हणाला, "साब, इसमें नक्को भरो." "अरे मियाँ, पुराना पिक्चर होगा," म्हणत मी पुन्हा भरता यावं म्हणून खिटीच्या रिकाम्या खाचेवर चिकटपट्टी लावली आणि सुरुवातीपासून चांगली दोन मिनिटं गोड बोललो. दुसऱ्या दिवशी मास्तर कॅसेट घेऊन आले. रागावले नाहीत. "छान बोलतोस रे बाळा," म्हणाले, "पण तिथं आमची ही होती. नातवाच्या बारशात पाळणा म्हणताना. ती गेल्यापासून रोज लावायचो." मी कॅसेट लावली. पडद्यावर मी हात जोडून "धन्यवाद" म्हणालो, आणि लगेच पाळण्याभोवतीच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. तिचं गाणं संपलं होतं. आजही मुलगी मोबाइल समोर धरून "बाबा, काहीतरी बोला ना" म्हणते, तेव्हा मी नुसता हात हलवतो.