कोऱ्या कागदावरचा अंगठा

त्या बाईने विचारलं होतं. दोनदा विचारलं होतं. इतकी वर्षं मी हे कुणाला सांगितलं नाही, म्हणून आधी तेच लिहितो.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, खाजगी दवाखान्यात मी कारकून होतो. रोगी भरती झाला की नातेवाइकाचा अंगठा सगळ्या कागदांवर एकदाच घ्यायचा, अशी आमची पद्धत. पुन्हा पुन्हा शाई लावायची कटकट नको. त्यात ऑपरेशनच्या संमतीचा कागदही असे, कोरा. ऑपरेशन ठरलं की आजाराचं नाव वगैरे मी नंतर भरायचो. खाली छापलेलंच असायचं, ‘मला माझ्या भाषेत सर्व समजावून सांगितले आहे.’ ही पद्धत मीच काढली होती. डॉक्टरांनी माझं कौतुक केलं होतं.

त्या साली कपाशीवर अळी पडली होती आणि गावोगाव फवारणी थांबतच नव्हती. एका सकाळी ती बाई एसटीने नवऱ्याला घेऊन आली. तो दुसऱ्यांच्या शेतात रोजाने फवारणी करायचा. पोट धरून वाकलेला, सारख्या उलट्या, सदरा घामाने चिंब, तोंडातून लाळ. पण शुद्धीवर होता. मी बाईचे अंगठे घेतले. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. अपेंडिक्स आहे, लगेच ऑपरेशन करू, म्हणाले.

बाई माझ्या खिडकीशी आली. “साहेब, हे आठ रोज झाले फवारून राह्यले. अंगाले औषधाचा वास येऊन राह्यला. त्याच्यानं तं नसन दुखत?”

“मावशी, डॉक्टर ते हायेत का तुमी?”

बाकावरचे लोक हसले. एक जण म्हणाला, “बसवा बाईले खुर्चीवर, आमालेही तपासन.” तीही कसंनुसं हसली, पण हलली नाही. “मंग चिरल्याबिगर थांबून पाहता नाही येत का? तेवढं इचारा ना त्यायले.”

डॉक्टर दहा पावलांवर हात धूत होते. मी म्हणालो, “अंगठा देल्ला ना तुमी? मंग झालं.” आणि कागद भरला. ज्याचं पोट चिरायचं होतं त्याला तर कुणीच काही विचारलं नाही.

अपेंडिक्सला काहीच झालं नव्हतं, हे नर्सने मला नंतर सांगितलं. भूल दिल्यावर त्याचा श्वास नीट परत आलाच नाही. दुपारी यवतमाळला नेताना तो गाडीतच गेला. फवारणीच्या औषधाची विषबाधा होती, असं पुढे तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं.

चौकशी झाली. मी संमतीचा कागद पुढे केला. सगळं समजावून सांगितलं होतं, म्हणालो. फवारणीचं काही कळलं होतं का, असं चौकशीच्या अधिकाऱ्यांनी विचारलं. मी म्हणालो, “त्यांनी काहीच सांगितलं नाही.”

बाई समोरच उभी होती. “साहेब, मी इचारलं होतं ना? सांगा ना.”

मी कागदाकडे पाहत राहिलो. तिचा दीर सगळ्यांदेखत म्हणाला, “फवारणीचं बोलली असती तं भाऊ वाचला असता. तोंड उघडलं नाही न वरून अंगठा देऊन आली.”

डॉक्टर वारले, दवाखानाही बंद झाला. मला बोलायला कुणाची आडकाठी उरली नाही, तरी आणखी काही वर्षं मी गप्पच राहिलो. गेल्या महिन्यात तिच्या गावी गेलो. ती अंगणात तूर पाखडत होती. मी कोण ते सांगावं लागलं नाही. माझं सगळं बोलून होईपर्यंत तिचं सूप थांबलं नव्हतं.

“मले कायले सांगता?” ती म्हणाली. “मी तं होतीच ना तिथं. त्यायले सांगा.” आणि भिंतीपलीकडच्या घराकडे मान केली.

दीर ओट्यावर बसला होता. मी चौकशीत खोटं बोललो, हे ऐकून तो म्हणाला, “अंगठा तं तिचाच होता ना?” मग मी त्याला कोऱ्या कागदाचं सांगितलं. तिने काय विचारलं, मी काय उत्तर दिलं, लोक कसे हसले, तेही.

“तवापासून मी तिच्या हातचं पाणी नाही पेलो,” तो म्हणाला. “तुमी जा आता.”

परत आलो तर बाई भिंतीशी उभी होती.

“कागद कोरा होता, तेही सांगितलं?”

“हो.”

दीर काही म्हणतो का, म्हणून ती तशीच कान देऊन थांबली. पलीकडून आवाज आला नाही.