मजलिसमधला वाघ

महिपती गवारी वाघाला कधी वाघ म्हणत नसे. "मोठा" म्हणे, फार तर "जनावर". रतनगडाच्या पायथ्याला जन्मलेल्या माणसाला हे आईच्या दुधाबरोबर पाजलेलं असतं, की नाव घेतलं की तो कान टवकारतो. बिबट्यालाही ही मंडळी वाघच म्हणतात, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर शहरातले शहाणे मध्येच हटकायचे. आता दोह्यात, मदिनत खलिफाच्या बंगलेवाल्या वस्तीत, जिथं मांजरसुद्धा बंगल्याच्या दाराशी एसीचा गारवा खात पसरलेलं असतं, तिथं कसला वाघ अन् कसलं काय! पण सवय ती सवय. मुनाफ त्याला यावरून फार पिडायचा.

मुनाफ म्हणजे त्याच बंगल्यातला स्वयंपाकी, मालेगावचा. महिपती ड्रायव्हर. आणि बंगला अबूबकरांचा. ज्याच्या नावावर आपला व्हिसा, त्या मालकाला तिकडे अरबाब म्हणतात. हा अरबाब माणूस वाईट नव्हता. ड्रायव्हरला ताप आला तर स्वतः गाडी काढून दवाखान्यात नेणारा. पण त्याच्या सहीच्या परमिटशिवाय देशाबाहेर पाऊल टाकता येत नव्हतं. कंपन्यांतल्या बहुतेक माणसांची त्यातून तेव्हा नुकतीच सुटका झाली होती. घरकामवाल्यांना मात्र अजून वाट बघायची होती.

आणि महिपतीला घरी जायचं होतं. दिवाळ्या हुकत गेल्या होत्या. गावी बायको पारूबाई आणि पोरगी राजश्री. डोंगराच्या सोंडेवरून पायवाटेनं शाळेत जाणारी, सातवीतली, बापाच्या वळणावर गेलेली हट्टी पोर. "या दिवाळीला येतो" असं तो तिला देवाशपथ सांगून बसला होता.

अरबाबाला नाद शिकारीचा. दर साल नामिबियात जायचा. तिकडे शिकार म्हणजे रीतसर पाहुणचारच असतो. सरकारी परवाना, तंबूत गाद्या, आणि बोट धरून नेणारा एक गोरा वाटाड्या. आधीच्या वर्षी त्यानं महिपतीलाही बरोबर नेलं, कारण एकच, चहा. दूध आटवून वेलची घातलेला महिपतीचा करक अरबाबाच्या जिभेला असा चिकटला होता, की त्यावाचून त्याची सकाळ उजाडत नसे.

तिथं महिपतीनं जे पाहिलं ते त्याला रुचलं नाही. वाटाड्यानं झेब्र्याची एक तंगडी झाडाला टांगली. समोर गवताचा आडोसा केला. रोज तंगडी ताजी ठेवायची, बिबट्याला खायची चटक लागू द्यायची. तो निर्धास्त झाला, की एका संध्याकाळी अरबाबाला आडोशात नेऊन बसवायचं. म्हणजे जेवायला बोलवायचं आणि घास तोंडात असताना मारायचं! गावात वाघानं बकरू नेलं तर बाया त्याच्या सात पिढ्या उद्धरतात, पण आमंत्रण देऊन कुणी त्याला मारल्याचं त्यानं ऐकलं नव्हतं.

बार झाला. सगळ्यांना बोलावलं. वाटाड्यानं रक्त पुसलं, हनुवटीखाली दगड ठेवून मुंडी सरळ केली, मागं अरबाब बसला, आणि फोन दिला महिपतीच्या हातात. नर होता, भला दांडगा. डावा कान मधोमध फाटलेला, जुन्या भांडणातला. महिपतीनं फोटो काढला. काढताना पडद्यावर त्याला दिसलं, की ते उघडे डोळे अरबाबाकडे नाहीत, कुठंच नाहीत, सरळ त्याच्याकडेच आहेत. मेलेल्याची नजर असते तशीच, म्हणून त्यानं मनाला समजावलं.

भुसा भरून, कागदपत्रं होऊन ते जनावर दोह्यात यायला वर्षाच्या वर गेलं. तोवर वर्ल्डकपच्या नावानं सगळं शहर उकरून झालं होतं. कालचा रस्ता आज नाही, आजचं वळण उद्या नाही, ड्रायव्हर लोकांचा नुसता वैताग. अरबाबानंही मजलिस, म्हणजे पाहुण्यांची बैठक, नवी करून घेतली. भिंतीवर मुंडकी, कुडू हरणाचं, झेब्र्याचं, लांब शिंगांच्या ओरिक्सचं, आणि मधोमध खोट्या खडकावरून खाली उतरणारा बिबट्या, एक पंजा उचललेला. धूळ झटकायचं काम महिपतीकडे आलं.

पहिल्याच दिवशी त्यानं ब्रश फिरवता फिरवता पाठीवर हात ठेवला, आणि चटकन मागं घेतला. एसीनं खोली बर्फ झालेली, आणि ते केस दुपारच्या कातळासारखे तापलेले. त्यानं मुनाफला हाक मारली. मुनाफनं दोन्ही हातांनी चाचपलं.

"गार आहे रे, महिपतभाऊ. फ्रीजमधल्या कोंबडीसारखा गार."

महिपतीनं परत हात लावला. त्याला गरमच लागलं. तो घाबरला, अगदी सरळ घाबरला.

त्याच आठवड्यात अरबाब म्हणाला, "सुट्टी? इन्शाल्ला. पाहुणे येऊन जाऊ देत." दिवाळी दाराशी आलेली. राजश्रीला काय सांगायचं, या काळजीत त्याला घास गोड लागेना. त्यात आली वाघबारस.

त्यांच्याकडे त्या दिवशी गुराखी शेंदूर लावलेल्या वाघोबाच्या दगडापाशी जमतात, खीर रांधतात. एक जण वाघ होतो. बाकीचे त्याला विचारतात, "आमच्या शिवारात येशील का?" तो ओरडतो, "नाही येणार!" मग हाकारे देत त्याला पळवून लावायचं आणि खीर खायची. वर्षभराचा करार झाला. महिपतीला वाटलं, ज्याला आमंत्रण देऊन मारताना आपण फोटो काढला, त्याच्यापुढं हे एवढं तरी करावं. पोरीची वाट डोंगरातून, आणि आपण हे असे लांब.

दुपारी अरबाब वेस्ट बे भागातल्या ऑफिसात होता. महिपतीनं वाटीभर खीर खडकापुढं ठेवली. मुनाफला म्हणाला, "तू मोठा हो. मी विचारीन, तू नाही म्हण. बास." मुनाफ नुकताच भरपेट बिर्याणी हाणून आलेला. कंबरेत वाकला, पंजे काढले, मिशा फेंदारल्या.

महिपतीनं हात जोडले. गावाचं नाव घेतलं, घराचं घेतलं, पोरीच्या वाटेचं घेतलं आणि विचारलं, "आमच्या शिवारात येशील का?"

"येणार!" मुनाफ गरजला. "मटण असेल तर रोज येणार!" आणि खो खो हसत सुटला.

महिपतीचा चेहरा बघून त्याचं हसू थांबलं. "अरे, मजाक केला यार. नाही येणार, नाही येणार, खलास." पण बोललेलं बोलून झालं होतं. एसीची घरघर मध्येच बंद पडली आणि मग पुन्हा सुरू झाली.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली, तोच पारूबाईचा फोन आला. वाघ घराभोवती फिरतोय. आधी बकरी नेली, मग दारातला कुत्रा. भरदुपारी येतो, हाकाऱ्याला दाद देत नाही. काल तर राजश्रीच्या वाटेवर आडवा बसला होता. पोर माघारी पळाली म्हणून वाचली.

"बिचकत नाही, अवो. कुणीतरी बोलवल्यागत येतो. आणि डावा कान फाटलाय त्याचा, मधोमध."

जगात कान फाटलेले बिबटे काय एकच असतात? असतील पुष्कळ. तुम्ही-आम्ही असं म्हणून मोकळे झालो असतो. महिपतीला ते जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं मुनाफला ओढतच मजलिसमध्ये नेलं. या खेपेला मुनाफ टोपी घालून, शहाण्यासारखा "नाही येणार" म्हणाला. संध्याकाळी गावाहून खबर, शेजाऱ्याचं वासरू गेलं. राजश्रीची शाळा बंद. पोर दाराला कडी लावून आत.

"तिकडे म्हणवून काय उपयोग?" पारूबाई फोनवर चिडून बोलली. "इथं वाघ होणाऱ्या पोराला दिवसभर उपाशी ठेवतात, माहीत नाही का तुम्हाला? समोर खीर शिजत असती, पोटात कावळे ओरडत असत्यात, आणि तरी तो म्हणतो नाही येणार. म्हणून त्याच्या नाहीला किंमत. तुमच्या त्या दोस्ताला यायचंच कुठं होतं आमच्या गावाला? ज्याला भूक नाही त्याचं नाही कोण धरतो?"

ती सहज बोलून गेली. महिपती मात्र फोन ठेवून कितीतरी वेळ गाडीतच बसून राहिला. त्या गावाची भूक कुणाला आहे, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. रोज डोळे मिटले की तो ती पायवाट चढत होता. घराचं कवाड, चुलीचा धूर, पोरीची वेणी, सगळं वर्षानुवर्षं साठून राहिलेलं. अख्ख्या मदिनत खलिफात त्याच्याइतकं उपाशी कुणी नसेल.

तो आत गेला. खडकापाशी गुडघे टेकले, मग हातही टेकले. जनावराच्या शेजारी, तसाच.

"मुनाफ, आता तू विचार."

"नको रे भाऊ. मला भ्या वाटतंय."

"विचार म्हणतो ना!"

मुनाफनं शब्द चाचरत उच्चारले. महिपतीच्या घशातून आधी भलताच आवाज निघाला, घोगरा, खोल. मुनाफ पुढं एशियन टाउनच्या चहावाल्याला शपथेवर सांगायचा, की तो आवाज महिपती आणि जनावर या दोघांपैकी कुणाचा होता ते मला कळलं नाही. मग स्पष्ट ऐकू आलं, "नाही येणार. कधीच नाही येणार." महिपती उठला तेव्हा त्याचा चेहरा घामानं डबडबलेला होता. त्यानं बिबट्याच्या पाठीवर हात ठेवला. केस बर्फासारखे गार लागले.

त्या दिवसापासून गावात वाघ दिसला नाही. माग नाही, डरकाळी नाही. शाळा सुरू झाली.

आणि नशीब बघा कसं खोडसाळ! पाहुणे लवकर गेले. अरबाबानं परमिटवर सही केली, तिकीटही काढून दिलं, वर पोरीसाठी म्हणून चॉकलेटचा डबा. महिपतीनं शुक्रन म्हणून दोन्ही हातांनी घेतलं, आणि तो गेला नाही.

"अरे येड्या, खेळ होता तो!" मुनाफ डोकं आपटायचा बाकी राहिला. "बरं, गावात नको जाऊ. मुंबईला उतर. त्यांना तिथं बोलव."

"मुंबईला उतरलेला माणूस गावाकडची, घोटीची एसटी धरतोच, मुनाफ. मला माझे पाय माहीत आहेत."

"आणि समजा गेलास? काय होईल?"

"माझं नाही काही व्हायचं," महिपती म्हणाला. "मी शब्द मोडला तर मोठाही मोडणार. आणि वाट राजश्रीची आहे."

मुनाफला रडू आलं. आपल्या थट्टेनं हे झालं, असं तो म्हणू लागला, तर उलट महिपतीनंच त्याची समजूत काढली.

स्टेडियमं उभी राहिली. मेट्रो धावू लागली. घरकामवाल्यांनाही परमिटची गरज उरली नाही. आता कुणाच्या सहीसाठी थांबायचं कारणच नव्हतं. गावचे लोक म्हणत, महिपतीला पैशाची हाव सुटली. कुणी म्हणे, तिकडे दुसरी बाई ठेवली असेल. पारूबाईनं सुरुवातीला पुष्कळ विचारलं. नंतर तीही विचारीना. त्यानं तिला खरं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिला आपलं बोलणं जन्मभर जाळत राहिलं असतं.

वर्ल्डकपला महिना राहिला होता. तेवढ्यात राजश्रीचा फोन आला. आवाज आता बाईमाणसासारखा भरलेला. दहावी झाली, अकरावीला तालुक्याला जाते, त्याच सोंडेवरून, एकटी, अंधार पडला तरी.

"आबा, तुमाला वाघाचं भ्या वाटतं का? आई म्हणते म्हणून विचारते. या की आता. इकडं वाट एकदम मोकळी झालीया."

"हो का," महिपती म्हणाला. मग त्यानं तिला विचारलं, तालुक्याच्या कॉलेजात डबा घरचाच नेते ना.