साइमा कांगसने सांगितलेली किंमत

साइमा कांगसने जन्मभर शाळेच्या स्वयंपाकघरात काम केले. निवृत्तीच्या दिवशी तिच्यासाठी केक आणला, तर तो तिनेच कापला, सगळ्यांना वाढला आणि ताटल्या गोळा करून घासायला घेतल्या. तिच्या हातचा वेलदोड्याचा पाव आमच्या टेकडीवर सगळ्यांत चांगला. तसे कोणी म्हटले की ती म्हणायची, "आज जरा जास्तच भाजलाय."

आमच्याकडची रीतच ती. आम्ही फिनलंडहून अमेरिकेत तांब्याच्या खाणीत कामाला आलेल्यांची नातवंडे. खाणी बंद पडल्या, पण आपल्या वस्तूची तारीफ आपण करू नये हा नियम जमिनीखालून माणसांबरोबर वर आला आणि वरच राहिला. आमच्या हॅन्कॉक गावात नवी गाडी घेणारा माणूस पहिले काही दिवस ती घरामागे उभी करतो.

तिचा नवरा वेइको सुतार. टेकडीवरचे ते घर त्याने स्वतः बांधले, मागे सौना, म्हणजे वाफेच्या स्नानाची खोली, बांधली, म्हातारपणी छप्परही नवे घातले. मग त्याचे डोके एकेक खोली बंद करीत गेले. एका नोव्हेंबरात तो सपाता घालून बर्फात निघाला आणि खाली कालव्यापाशी सापडला. तेव्हापासून तो इश्पेमिंग गावातल्या एका शुश्रूषागृहात होता. गाडीने दोन तास. साइमा आठवड्यातून दोनदा जायची. जानेवारीत तलावाकडून आलेल्या वादळात तिची गाडी चरात गेली आणि बर्फ काढणाऱ्या ट्रकवाल्याने तिला ओढून बाहेर काढले. मला ती एवढेच म्हणाली, "पुढचा हिवाळा मला हा रस्ता जमणार नाही."

शुश्रूषागृहाच्या शेजारीच म्हाताऱ्यांसाठी एक इमारत होती. तळमजल्यावरचा एक फ्लॅट विकायला निघाला. त्याच्या खिडकीतून शुश्रूषागृहाचे अंगण दिसे, आणि ऊन असले की दुपारी वेइकोला त्या अंगणात बसवत. फ्लॅट जूनअखेरपर्यंत थांबवून ठेवू, असे इमारतवाल्यांनी कबूल केले. तोवर घर विकले जायला हवे होते.

जोलीन ही घरे विकून देणारी बाई. लहानपणी साइमाच्या हातचे जेवलेली. एप्रिलमध्ये ती आली. मी शेजारी म्हणून कॉफीला बसलो होतो.

"एक लाख पंचेचाळीस हजार डॉलर मागू या, कांगसबाई," जोलीन म्हणाली.

"वर्नाचं केवढ्याला गेलं?"

वर्ना सालो ही साइमाची जुनी मैत्रीण. तिने खालच्या बाजूचे आपले घर विकून गावात लहान जागा घेतली होती.

"एक लाख अठरा. पण त्याला तीन वर्षं झाली."

"वर्नाच्या घराला दोन न्हाणीघरं आहेत."

"तुमच्याला सौना आहे. छप्पर नवं आहे."

"छप्पर वेइकोने घातलंय. घरच्या माणसाच्या कामाचे पैसे कोण मागतं?"

"सगळे मागतात, बाई!"

"मागू देत. रविवारी चर्चच्या तळघरात वर्ना माझ्यासमोर बसून कॉफी पिते. तिच्यापेक्षा सत्तावीस हजार जास्त मागून मी तिला साखर कुठल्या तोंडाने देऊ? एक लाख दहा लाव. स्वस्त असलं की लवकर जाईल."

"स्वस्त असलं की लोक लवकर येतात," जोलीन म्हणाली, "पण संशय घेऊन येतात."

साइमाने तिच्यापुढे पाव सरकवला. विषय संपला.

अंगणात विक्रीची पाटी लागली. घर बघायला लोक येतात तेव्हा मालकाने बाहेर जायचे असते. साइमाला ते पटेना. "पाहुणे घरात आणि मी रस्त्यावर? ही कुठली पद्धत?" ती कॉफी करायची आणि मग एकेक उणे दाखवत हिंडायची. हा नळ गळतो. ही खिडकी उन्हाळ्यात अडकते. तळघरात मात्र तिची पावले भरभर पडत. तिथे एका कोपऱ्यात तिने स्वतः विणलेली चिंध्यांची सतरंजी उभी टांगली होती. "तिकडे नका बघू. तिकडे बघण्यासारखं काही नाही."

दक्षिणेकडून आलेल्या एका जोडप्याबरोबर बायकोचा बाप होता. त्याने तळघराची भिंत ठोकून पाहिली आणि त्या सतरंजीकडे बराच वेळ बघत राहिला. ती वर करून मात्र बघितले नाही. आमच्याकडे दुसऱ्याच्या घरातली झाकलेली वस्तू कोणी उघडत नाही. मनात मात्र सगळे उघडतात.

आठवड्याभरात हार्डवेअरच्या दुकानात मी ऐकले, "कांगसच्या घराखाली खाणीचं जुनं तोंड आहे म्हणे. म्हणून तर एवढं स्वस्त."

या टेकडीखाली जमीन कुठे भरीव आहे आणि कुठे पोकळ, हे नक्की कोणालाच ठाऊक नाही. माझ्या वडिलांच्या वेळी एकाचे गॅरेज रातोरात खाली गेले होते. रोज कोणी त्याची आठवण काढत नाही, पण घर घ्यायची वेळ आली की सगळ्यांना पायाखालचा अंधार आठवतो. मे संपला, जून निम्मा झाला. साइमा पाव भाजून ठेवायची, आणि पाटीपाशी कोणी थांबेना. इश्पेमिंगहून फोन आला की फ्लॅट बघायला दुसरे कोणी येऊन गेले.

मग एक दिवस वर्ना धापा टाकत टेकडी चढून आली. साइमा आणि मी पायरीवर बसलो होतो.

"माझं घर घेतलेल्या पोराचा फोन होता," ती म्हणाली. "विचारतो, तुम्ही मला पोकळ जमीन विकलीत का? मला! तुझ्या घराखाली खड्डा, म्हणजे त्याच्याही घराखाली खड्डा. काय लपवलंयस तळघरात?"

"काही नाही गं."

वर्ना थेट जिन्याने खाली गेली. तिच्यामागे आम्ही. तिने सतरंजी खेचून काढली.

मागे खडक होता. काळा, खांद्याइतका उंच, जमिनीतून वर येऊन भिंतीत शिरलेला. त्यावर छिन्नीचे पांढरे ओरखडे होते. तळघर खणताना वेइकोने महिनाभर त्याच्याशी झुंज घेतली आणि शेवटी त्याला धरूनच भिंत उभी केली.

"इथं कपाट बसत नाही," साइमा हळूच म्हणाली. "कोपरा वाया गेलाय. लाज वाटते दाखवायला."

वर्ना उलट्या टोपलीवर बसली. हसावे की ओरडावे ते तिला कळेना. "अगं शहाणे! पायाखाली खडक आहे की पोकळी, या घोरात सगळी टेकडी झोपत नाही, आणि तू खडकाला गोधडी पांघरवून ठेवलीस! वर किंमत अशी, की भूत बघितल्यासारखे लोक पळतायत. एक लाख पंचेचाळीस लाव."

"तुझ्यापेक्षा जास्त मागू?"

"जास्त मागितलंस तर मी थोडे दिवस फुगून बसेन. कमी मागितलंस तर माझ्या जुन्या घराखाली खड्डा पडतो. तुला कोणतं चालेल, सांग."

साइमाने खाली पडलेली सतरंजी उचलून तिची घडी घातली. स्वतःसाठी तिने जन्मात जास्त काही मागितले नव्हते. वर्नाचे नाव राखायचे म्हणजे गोष्ट वेगळी होती. "जोलीनला फोन कर," ती मला म्हणाली.

जोलीन म्हणाली, रातोरात किंमत वाढवली तर लोक हसतील. पाटी काढा, लोकांना विसरू द्या, मग नव्याने लावू. जुलैत पाटी पुन्हा लागली. घराच्या जाहिरातीत खडकाचा फोटो सौनाच्याही आधी होता. ऑगस्टमध्ये ते दक्षिणेकडचे जोडपेच बापाला घेऊन परत आले. बापाने खडकावर तळहात ठेवला, आणि एक लाख एकेचाळीसला घर गेले.

तळमजल्यावरचा फ्लॅट तोवर गेला होता. साइमाला तिसऱ्या मजल्यावरचा, मागच्या बाजूचा मिळाला. तिथून अंगण दिसत नाही. वेइकोला भेटायचे तर इमारतीला वळसा घालून जावे लागते. पण चालत जाता येते.

सप्टेंबरात मी तिचे सामान पोचवले आणि तिच्याबरोबर त्याला भेटायला गेलो. त्याने मला ओळखले नाही. तिला ओळखले की नाही, सांगता येत नाही. घर विकले, असे ती म्हणाली तेव्हा मात्र त्याने मान वर केली.

"किती मागितलंस?"

"एक लाख पंचेचाळीस."

तो आपल्या हातांकडे बघत राहिला. "फार होतात."

"वर्नाने मागायला लावलं."

"आणि तो खडक?"

"दाखवला."

"मला नाही फुटला तो," वेइको म्हणाला. त्याच्या आवाजात अजून सल होता.

"नाही फुटला," साइमा म्हणाली आणि त्याच्या पावाला लोणी लावू लागली. "बरं झालं."