आकृतिबंधाचा फ्राक

वानखडे बाई कोणत्याही मुलीशी रिकाम्या हातांनी बोलत नसत. शनिवारी सकाळची शाळा सुटली की प्रयोगशाळेमागच्या खोलीत त्या आपली कापडी पिशवी टेबलावर उलटी करत. कधी मेथी, कधी तुरीच्या शेंगा. समोरच्या मुलीकडे अर्धा ढीग सरकवत आणि मग विचारत, "सांग बरं, तुले कंटाळा कशाचा येत नाही?" मोठेपणी कोण होणार, हा प्रश्न त्यांना आवडत नसे. त्यावर सगळ्या पोरी बापाचं उत्तर देतात, असं त्यांचं म्हणणं. "हात कामात असले म्हणजे तोंड खरं बोलते," असं त्या म्हणत. घरची भाजीही निवडून होत असे, तेही त्या लपवत नसत.

त्या शिकवायच्या भूगोल, पण सरकारी आदेशाने व्यवसाय मार्गदर्शनाचं कामही त्यांच्याकडे आलं होतं. दहावीनंतर अकरावी-बारावीची नवी पद्धत येऊन दोन-तीन वर्षं झाली होती. आमची शाळा एका उन्हाळ्यात कनिष्ठ महाविद्यालय झाली होती, म्हणजे फाटकावरची पाटी बदलली होती आणि बाकं तीच होती. मी इंग्रजी शाळेतून दहावी करून तिथे विज्ञानाला आले. पहिल्याच तासाला बाई नव्या आकृतिबंधाबद्दल बोलत होत्या आणि तो शब्द मी कधी ऐकला नव्हता. धीर करून मी उभी राहिले आणि म्हणाले, "मिस, आकृतिबंध म्हणजे काय?"

वर्ग हसला. "मी मिस नाही वं, तीन लेकरायची माय आहो," बाई म्हणाल्या. मग त्यांनी अर्थ सांगितला. "आकृतिबंध म्हणजे फ्राक. सरकारनं एका मापाचा शिवून पाठवला. आता तुम्हा सगळ्या पोरी त्याच्यात बसवाच्या आहेत. कोणाले ढगळ होईल, कोणाचा काखेत उसवंल. जिचा उसवंल तिनं माह्याकडे यावं."

त्या दिवसापासून मी वर्गाची 'मिसवाली' झाले आणि वर्गात पुन्हा तोंड उघडलं नाही. शनिवारच्या खोलीतही मला बोलावणं आलं नाही. माझा फ्राक उसवत नव्हता. विज्ञान इंग्रजीतून होतं, ते मला सोपं जात होतं. पुढे काय करायचं ते बाबांनी ठरवून टाकलं होतं. तो प्रश्न मला एकदा कोणीतरी विचारावा, एवढंच मला हवं होतं.

शकूला मात्र बाई दर शनिवारी बोलावत. शकू माझ्याच बाकावर बसायची. काटोलकडच्या शेतकरी घरातली, प्रतापनगरात मामाकडे राहून शिकणारी. इंग्रजी पुस्तक उघडलं की तिला घाम फुटायचा. सहामाहीत ती चार विषयांत नापास झाली, तेव्हा मामाने शाळा बंद करून तिचं लग्न पाहायला घेतलं. बाईंच्या प्रश्नाला तिने दिलेलं उत्तर तिनेच मला सांगितलं होतं. "निवडाचा कंटाळा येत नाही, बाई. गहू, तांदूळ, काहीही द्या." त्यावर बाईंनी तिच्यासाठी जरीपटक्याकडे नव्याने निघालेला दोन वर्षांचा अभ्यासक्रम शोधला. त्यात दवाखान्यातल्या तपासण्यांचं काम शिकवत. जी पोर दिवसभर खडे वेचू शकते ती सूक्ष्मदर्शकावर डोळा लावून बसेल, असा बाईंचा हिशेब होता. मी खडे वेचू शकते की नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

मामाला पटवायला बाई प्रतापनगरात आल्या, तेव्हा घर दाखवायला त्यांनी मला सोबत घेतलं. वाटेत आमचं घर लागलं. आई फाटकाशीच उभी होती, चहाला या म्हणाली. बाईंनी हात जोडले, "मग कधी," म्हणाल्या आणि पुढे निघाल्या.

शकूचा मामा ओसरीवर बसला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाई, भाचीले लोकायची लघवी तपासाले पाठवू काय मी? सोयरे काय म्हणतील?"

"काही म्हणणार नाहीत, भाऊ," बाई म्हणाल्या. "तुमचं वय झालं म्हणजे तुमचीही तपासाच लागंल. घरच्या घरी होईल, रांगेत उभं राहा लागणार नाही."

मामा हसला, आणि तिथेच तो हरला. दाराआडून शकू पाहत होती. तिच्यासाठी एक बाई एवढ्या दूर चालत येऊन भांडत होती. माझे बाबा थोडे वाईट असते तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं.

शकू त्या अभ्यासक्रमाला गेल्यावर खोलीतली तिची खुर्ची रिकामी झाली, तेव्हा एका शनिवारी मी न बोलावता गेले. बाईंनी काही न विचारता शेंगा पुढे सरकवल्या. मी सोलत राहिले. मला वाटलं, आता विचारतील. शेंगा संपल्या. बाईंनी दाणे डब्यात भरले आणि म्हणाल्या, "तुझं बरोबर चालून राहिलं. जाय घरी, आई वाट पाहत असंल."

माझं बरोबरच चाललं. बी.एस्सी. झाले, आता एम.एस्सी. संपत आलं आहे. या हिवाळ्यात बाई गेल्या. मी त्यांच्या घरच्यांना भेटायला गेले तर शकू घरच्यासारखी आत-बाहेर करत होती. बाईंच्या शेवटच्या दुखण्यातल्या सगळ्या तपासण्या तिनेच केल्या होत्या. बाईंच्या सुनेने पाहुण्यांच्या जेवणासाठी तुरीच्या शेंगा काढल्या, तेव्हा आम्ही दोघी समोरासमोर सोलायला बसलो.

माझ्या हातांकडे पाहत शकू म्हणाली, "तुझा लय राग यायचा मले."

मी विचारलं, "काहून?" त्यांच्या बोलीतला हा शब्द माझ्या तोंडून पहिल्यांदाच निघाला असावा.

"मी कवाही भेटाले आली का बाई तुझंच सांगत. ते मिसवाली पाह्य म्हणत, एक दाणा खाली सांडू देत नाही. तिले कायचाच कंटाळा नाही. तिले विचाराची गरजच काय?"

मी तिला ते पुन्हा सांगायला लावलं. तिने सांगितलं, अगदी बाईंच्या आवाजात. मला फार बरं वाटलं. आणि दाणे डब्यात भरता भरता मनात आलं, माझ्याबद्दलचंही बाईंनी शकूलाच सांगितलं.