पाण्यावरची काठी

निजामभाई शिकलगारांचं सगळं आयुष्य कृष्णेच्या पाण्यावर गेलं आणि आता त्याच काठावर फलक लावून त्यांना बाहेर काढलंय. मला याचा संताप येतो आणि तो मी लपवणार नाही.

पलूसच्या खालच्या अंगाला आमचं गाव. निजामभाईंकडे होडी कधी नव्हतीच. मलकापूरहून आणलेली ट्रकची जुनी ट्यूब, तिच्यावर बांधलेली फळी आणि हातात बाभळीची काठी, एवढ्यावर त्यांचं घर चालायचं. सकाळी जाळं लावायचं आणि काठीनं पाणी बडवायचं. त्या दणक्यानं मासे बुजून जाळ्यात शिरतात. काठावर ऊन खात पडलेल्या मगरीही आवाज ऐकला की लांब सरकायच्या. तशा मगरींशेजारी त्यांनी उभी हयात काढली आणि अंगावर ओरखडा येऊ दिला नाही.

मग गावातल्या एका बागायतदाराचा मुलगा शिवतेज पुण्याहून परतला. बापाच्या नदीकाठच्या उसाच्या कडेला त्यानं तंबू ठोकले आणि रंगीत कयाक आणल्या. पाण्यापासून वीतभर उंच, अरुंद होड्या त्या. त्यात बसून पाहुण्यांना मगर बघायची असते. आता मगर काय याच्या नोकरीला आहे? ती येईना. तेव्हा या शहाण्यानं चिकनच्या दुकानातली आतडी आणून नदीत टाकायला सुरुवात केली. टाकण्याआधी वल्ह्यानं पाण्यावर फटके मारायचे. थोड्याच दिवसांत मगर फटक्याला यायला लागली, भाकरी दाखवली की दारातलं कुत्रं येतं तशी. पाहुण्यांना व्हिडिओ मिळाले, सगळे खूश.

काठी मारली की लांब जाणारी मगर आता आपल्याकडे तोंड वळवतेय, हे निजामभाईंच्या ध्यानात आलं. ग्रामसभेत उभं राहून त्यांनी आतडी टाकणं बंद करा म्हणून हात जोडले. शिवतेज हसला. सरपंचांनी विषय पाणीपट्टीवर नेला.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी निजामभाईंनी पाण्यावर काठी मारली आणि खालून ट्यूबच फुटली. पाय मगरीच्या जबड्यात गेला. हातातल्या काठीनं तिच्या डोळ्यावर मारत ते कसेबसे सुटले. जीव वाचला, पण डॉक्टरांना पाय घोट्यातून कापावा लागला.

शिवतेज केळी घेऊन दवाखान्यात आला. मगरीच्या पाण्यात ट्यूबवर बसणं आणि वर पाणी बडवणं ही चाचांचीच चूक, असं पलंगाशेजारी उभं राहून त्यानं सांगितलं. गावानंही माना डोलावल्या. लगेच फलक लागला: 'मगरींचा वावर. मासेमारीस सक्त मनाई.' कयाकला मनाई नाही हं! लाइफ जॅकेट घातलं की मगरीचे दात बोथट होत असावेत.

निजामभाईंची बायको जैनबभाभी बाजारात मासे विकायची. तिनं कधी कुणाशी भांडण काढलं नव्हतं. एका रविवारी घरातली दुसरी ट्यूब डोक्यावर घेऊन ती नदीवर गेली. पाहुणे जॅकेट घालून तयार होते. तिनं ट्यूब शिवतेजच्या पायाशी टाकली आणि वर निजामभाईंची ती काठी ठेवली.

"चूक त्यांची हाय म्हनतोस न्हवं? मग बस हिच्यावर आन् चार फटके मार. मगर न्हाई आली तर ह्यो फलक मी जलमभर मान्य करीन."

पाहुण्यांसमोर तमाशा नको, चाची, असं तो दबक्या आवाजात म्हणाला. भाभी तिथंच वाळूवर बसली. पुण्याहून आलेल्या एका बाईंनी त्याला विचारलं, आम्हाला तर तुम्ही काही धोका नाही म्हणालात, मग तुम्ही बसत का नाही?

पाहुणे एकेक करून जॅकेटचे पट्टे सोडायला लागले, तरी शिवतेजनं काठीला हात लावला नाही. फटका मारला की काय येतं, हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं.