‘कान’ या शब्दाचे अर्थ

शब्दकोशाच्या कार्यालयात वहिनी मुद्रितं तपासायच्या. त्यांचे धाकटे दीर तिथेच संगणकाचं काम बघत, त्यामुळे सगळं कार्यालय त्यांना वहिनीच म्हणे. पुढे मुद्रितांचं काम आटलं, तेव्हा हातावर हात ठेवून बसण्यापेक्षा त्या प्रोग्रामिंग शिकल्या, तेही केस पिकल्यावर.

पहिलंच काम खिशात मावेल अशा छोट्या कोशाचं. मोठा कोश एक्सएमएलमध्ये होता, म्हणजे चौकटीत चौकट: शब्दाच्या पोटात त्याचे अर्थ, शेजारी वाक्प्रचार आणि वाक्प्रचारांच्या पोटात पुन्हा त्यांचे अर्थ. वहिनींना फक्त शब्दांचे अर्थ काढायचे होते. शोधून आणणारं ‘फाइंड’ हे फंक्शन लावलं, तर प्रत्येक शब्दाला एकच अर्थ आला. ‘इटर’ हे दुसरं लावलं, तर ‘कान’ असा निघाला: ऐकण्याचं इंद्रिय, पातेल्याची कडी, चहाडी करणे, दुर्लक्ष करणे.

संपादक हसून म्हणाले, “कान चहाडी कधीपासून करायला लागले?”

वहिनींनी दिरांना गाठलं. “भावोजी, ही फंक्शनं वेगवेगळी कशाला?”

“सगळी शोधतातच की, वहिनी. चालेल ते लावा.”

‘चालेल ते’ वहिनींना उभ्या आयुष्यात चाललं नव्हतं. त्यांनी कोश बाजूला सारला आणि घरचीच माणसं एका छोट्या फाइलमध्ये मांडली. वर सासूबाई, त्यांच्या पोटात दोन मुलगे, मुलग्यांच्या पोटात नातवंडं. सासूबाई सोडून सगळ्यांवर लेबल एकच, ‘मूल’. मग सासूबाईंपासून ‘मूल’ शोधायला लावलं. फाइंडने थोरला दिला आणि काम संपवलं. ‘फाइंडऑल’ने दोघे मुलगे दिले. इटरने नातवंडांसकट अख्खं खानदान बाहेर काढलं.

दीर पडद्याकडे बघत राहिले. “म्हणजे फाइंडने मला घरातनंच काढलं.”

“तुम्ही दुसरे ना. त्याला पहिला सापडला की पुरे.”

अर्थांसाठी त्यांनी फाइंडऑल लावलं आणि ‘कान’ पुन्हा माणसात आला. कोशाच्या शेवटी जोडायच्या सूचीत मात्र वाक्प्रचारांचेही अर्थ हवे होते. तिथे मुद्दाम इटरच ठेवलं.

कोश छापून आला. ‘संगणकीय काम’ या ओळीखाली वहिनींचं नाव होतं, दिरांच्या नावाच्या वर. तसं दिरांनीच सांगितलं होतं.

सासूबाईंनी चष्मा लावून ते पान शेजारणीला दाखवलं. “आमच्या सुनेने केलंय,” त्या म्हणाल्या आणि पोटच्या मुलाकडे बोट केलं. “याने मदत केली.”

वहिनी आतल्या खोलीतून ऐकत होत्या. त्यांनी ते वाक्य दुरुस्त केलं नाही.